नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि 'सीपी'चा सोर्स

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान, तिथला हिशेबाचा संगणक नुकताच उबुंटू २४.०४ वर नेला. शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि बिलांच्या पीडीएफ रोज रात्री 'सीपी -एन' या कमांडने (सीपी म्हणजे कॉपी, '-एन' म्हणजे आधी असलेल्या फाईलवर लिहू नको) दुसऱ्या डिस्कवर जातात. नवं उबुंटू आल्यापासून लॉगमध्ये इंग्रजीत एक इशारा येतो. '-एन'चं वागणं सगळीकडे सारखं नाही, पुढे बदलू शकतं, त्याऐवजी '--अपडेट=नन' वापरा, असा त्याचा अर्थ. विचारणाऱ्याने चिकाटीने गिटहबवरून कोअरयुटिल्सचा, म्हणजे सीपी-एलएससारख्या मूलभूत कमांडच्या संचाचा, अख्खा सोर्स (मूळ कोड) उतरवला, त्यात ते वाक्य शोधलं, आणि ते कुठेच नाही. मग माझ्या मशीनवर चालतंय ते नक्की कुणाचं? आणि कुठल्याही कमांडचा मूळ सोर्स आणि इतिहास शोधायचा कसा?

आधी उत्तर देतो. ते वाक्य मूळ सोर्समध्ये नाहीच. डेबियन या लिनक्सच्या वितरकाने आपल्या पॅकेजात लावलेल्या पॅचमधून, म्हणजे मूळ कोडवरच्या दुरुस्तीतून, ते आलंय. उबुंटू हे पॅकेज डेबियनकडून घेतं, म्हणून ते तुमच्या दुकानापर्यंत पोचलं. तुमची दिशा बरोबर होती, फक्त मधलं एक ठाणं न थांबता ओलांडलंत.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. आमच्या धंद्यात रोज तेच करावं लागतं, आणि त्याची रीत नदीवरूनच समजते. मी साताऱ्यात, तुम्ही सांगलीत, म्हणजे पाण्याच्या हिशेबाने मी तुमच्या अपस्ट्रीमला. महाबळेश्वरच्या गोमुखातून निघालेली कृष्णा आयर्विन पुलाखाली येईपर्यंत माहुलीला वेण्णा घेते, कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा. पुलाखाली पाणी गढूळ दिसलं म्हणून कुणी थेट गोमुखात गाळ शोधायला जात नाही. पुलावरून निघून एकेक संगम बघत वर जायचं. कमांडचंही तसंच. हातात जी फाईल आहे तिच्यापासून सुरुवात, नाव घेऊन इंटरनेटवर शोधणं सगळ्यात शेवटी.

(खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना रोमन अक्षरं घ्या, आणि जिथे 'मोठा एस' म्हटलंय तिथे खरोखर कॅपिटल घ्या. लहान-मोठ्या अक्षराने अर्थ बदलतो.)

पहिला संगम शेलचा, म्हणजे तुम्ही लिहिलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा. उबुंटूत तो बॅश. 'टाइप -ए एको' असं चालवून बघा. बॅश सांगेल की एको हे त्याच्या पोटातलंच आहे, आणि शिवाय '/यूएसआर/बिन'मध्ये त्याच नावाची एक फाईलही आहे. नुसतं 'एको' लिहिलं की पोटातलं चालतं. 'किल', 'टेस्ट', 'प्रिंटएफ' यांचीही हीच गत. 'टाइम' तर बॅशचा राखीव शब्दच आहे, आणि ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा स्वतंत्र 'टाइम' प्रोग्रॅम वेगळा. मॅन्युअलच्या पानावर लिहिलेला पर्याय चालत नाही म्हणून लोक तासभर डोकं धरून बसतात, कारण पान फाईलचं वाचलेलं असतं आणि चालत असतं बॅशमधलं. 'व्हिच'वर मी विसंबत नाही. शेलच्या पोटात काय आहे, कुठला एलियस (टोपणनाव) लावलाय, हे त्याला दिसत नाही. 'टाइप'ला दिसतं.

फाईलच आहे हे ठरलं की 'रीडलिंक -एफ' लावा. ती फाईल म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणारी लिंक असू शकते. उबुंटूवर 'ऑक' लिहिलं की बहुधा 'एम-ऑक' चालतं, मधे '/ईटीसी/अल्टरनेटिव्ह्ज'चा टप्पा असतो. 'एनसी'मागे ओपनबीएसडीचं नेटकॅट असतं. अल्पाइन लिनक्सवर किंवा घरच्या राउटरमध्ये गेलात तर एलएस, सीपी, कॅट सगळ्या बिझीबॉक्स नावाच्या एकाच प्रोग्रॅमकडे बोट दाखवतात, आणि अँड्रॉइड फोनमध्ये तेच काम टॉयबॉक्स करतं. अशा ठिकाणी ग्नूचा सोर्स वाचणं म्हणजे शेजाऱ्याचा सातबारा घेऊन आपल्या बांधावर भांडणं. उबुंटू २५.१० पासून तर एलएससारख्या कमांडसाठी रस्टमध्ये नव्याने लिहिलेला यूयुटिल्सचा संच डिफॉल्ट झाला. तिथे 'एलएस --व्हर्जन' केलं की पहिल्याच ओळीत ते नाव दिसतं. नाव तेच, वागणं जवळपास तेच, कोडची एकही ओळ सामाईक नाही. तुमचं २४.०४ आहे, म्हणून तुमच्याकडे अजून ग्नूचंच आहे. पण पुढच्या वेळी अपग्रेड कराल तेव्हा ही पहिली ओळ वाचायला विसरू नका.

दुसरा संगम पॅकेजचा. 'डीपीकेजी -मोठा एस' आणि पुढे फाईलचा पूर्ण पत्ता दिला की ती कुठल्या पॅकेजातून आली ते कळतं. इथे एक छोटा खड्डा आहे. उबुंटू २२.०४ वर 'टाइप' सांगतं की एलएस '/यूएसआर/बिन/एलएस' इथे आहे, पण तोच पत्ता डीपीकेजीला दिला तर 'असं काही सापडलं नाही' म्हणून हात वर करतं. '/बिन' हा फोल्डर आता '/यूएसआर/बिन'ची लिंक आहे, पण पॅकेजच्या नोंदीत जुनाच पत्ता राहिलाय. गावाचं नाव बदललं तरी सात-बारावर जुनंच असतं तसं. मग '/बिन/एलएस' म्हणून विचारायचं. फेडोरा किंवा रेडहॅटच्या कुळात 'आरपीएम -क्यूएफ', आर्चवर 'पॅकमन -क्यूओ', आरपीएममध्ये क्यू लहान, पॅकमनमध्ये क्यू मोठा आणि ओ लहान.

पॅकेजचं नाव मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. चालवायचं पॅकेज वेगळं आणि ते ज्यातून बनलं ते सोर्स पॅकेज वेगळं असू शकतं. 'पिंग' येतं 'आयपीयुटिल्स-पिंग'मधून, सोर्स 'आयपीयुटिल्स'. 'डिग' ही बाइंड नावाच्या डीएनएस सर्व्हरच्या सोर्सची लेक. 'स्ट्रिंग्ज' बिनयुटिल्समधली. आणि हेक्साडेसिमल डंप देणारी 'एक्सएक्सडी' चक्क विम एडिटरच्या सोर्समध्ये राहते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो होतो. 'एसयू'सारख्या कमांडने तर घरच बदललं. डेबियनमध्ये ती आधी 'शॅडो'च्या सोर्समधून यायची, २०१८ मध्ये युटिल-लिनक्सकडे गेली. त्यामुळे जुन्या लेखात वाचलेला पत्ता तेव्हा खरा असला तरी आज खरा असेलच असं नाही. तुमच्या मशीनला विचारा.

आणि हे विचारायला इंटरनेटही लागत नाही. '/यूएसआर/शेअर/डॉक'मध्ये प्रत्येक पॅकेजच्या नावाचा फोल्डर असतो आणि त्यात 'कॉपीराइट' नावाची फाईल. लोक ती लायसन्सची कंटाळवाणी फाईल म्हणून सोडून देतात. तिच्या वरच्या काही ओळींत बहुतेक वेळा 'सोर्स' या शब्दापुढे मूळ प्रकल्पाचा पत्ता असतो, आणि खाली कुठली फाईल कुणी, कुठल्या साली लिहिली याची यादी. माझ्या अनुभवात 'ॲप्ट शो'मधल्या होमपेजपेक्षा ही फाईल जास्त विश्वासाची. होमपेज अनेकदा बंद पडलेलं असतं आणि ते बदलायची कुणाला घाई नसते.

आता तुमचं वाक्य. 'ॲप्ट सोर्स कोअरयुटिल्स' चालवा. 'सोर्सची यादीच नाही' अशी तक्रार आली तर '/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी'मधल्या 'उबुंटू.सोर्सेस' फाईलमध्ये 'टाइप्स' या ओळीत 'डेब'च्या पुढे 'डेब-एसआरसी' जोडा आणि 'ॲप्ट अपडेट' करा. २४.०४ मध्ये यादीची मांडणी बदलली आहे, त्यामुळे जुन्या लेखातली एका ओळीची रीत इथे लागू पडत नाही. जो फोल्डर उतरेल त्यात 'डेबियन' नावाचा उपफोल्डर असेल आणि त्यात 'पॅचेस'. तिथे 'नॉन-पोर्टेबल' हा शब्द ग्रेपने (फायलींत शब्द शोधणाऱ्या कमांडने) शोधा. सापडेल. मूळ सोर्सचं पाणी आणि डेबियनच्या ओढ्याचं पाणी या ठिकाणी वेगळं दिसतं. 'सीरीज' फाईलमध्ये पॅच कुठल्या क्रमाने लागतात ते असतं, आणि 'चेंजलॉग'मध्ये का लावले ते.

संदेश शोधण्याबद्दल थोडं. पूर्ण वाक्य कधीच शोधू नका. सोर्समध्ये ते दोन ओळींत तोडलेलं असतं, फाईलच्या नावाच्या जागी '%एस' असतं, अवतरणचिन्हं वेगळी असतात. दोन-तीन विरळ शब्द निवडा. आणि मशीन मराठी किंवा हिंदी भाषेत लावलेलं असेल तर दिसणारा संदेश भाषांतरित असू शकतो. मग कमांडच्या आधी 'एलसी_ऑल=सी' (सगळी अक्षरं मोठी) लावून मूळ इंग्रजी संदेश काढा आणि तो शोधा.

आता वर, मूळ प्रकल्पाकडे. डेबियनला हा पॅच का लावावासा वाटला, ते तिथे कळतं. कोअरयुटिल्सचं अधिकृत घर सवाना, म्हणजे ग्नू प्रकल्पाचा सर्व्हर. गिटहबवर आहे तो आरसा, म्हणजे त्याची प्रत. आरसा वाचायला हरकत नाही, फक्त तिथे कोड पाठवायला जाऊ नका. गिटने (कोडातला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाने) उतरवताना '--डेप्थ १' अजिबात नको. डेटा पॅक वाचवायला लोक ते लावतात आणि मग इतिहास शोधतात. एवढ्याशा क्लोनला (उतरवलेल्या प्रतीला) इतिहासच नसतो, फक्त आजचा दिवस असतो.

गिटमध्ये डोकं घालण्याआधी 'न्यूज' नावाची फाईल वाचा. कोअरयुटिल्सची न्यूज फाईल माझ्या माहितीतल्या सर्वांत नीट ठेवलेल्या फायलींपैकी एक आहे. तुमच्या '-एन'ची सगळी कहाणी तिच्यात आहे. ७.१ मध्ये, म्हणजे २००९ साली, सीपी आणि एमव्हीला '-एन' आला. असलेल्या फाईलवर लिहू नको, गुपचूप पुढे जा, आणि 'सगळं ठीक' म्हणून शून्य परत दे. चौदा वर्षं असंच चाललं. २०२३ मध्ये ९.२ आलं आणि '-एन'मुळे फाईल वगळली गेली तर कमांड 'अयशस्वी' म्हणून परत यायला लागली. जगभरच्या स्क्रिप्टा एका रात्रीत लाल झाल्या. 'एखादी पायरी चुकली तर थांब' असं ज्यांनी स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं, त्यांची कामं मधेच थांबली. ग्नूच्या बग यादीत ६२५७२ क्रमांकाखाली हा वाद वाचायला मिळतो, वेळ असेल तर जरूर वाचा. पुढच्याच ९.३ मध्ये '--अपडेट=नन' आलं, ९.२ च्या आधीचं शांत वागणं परत देणारं. २०२४ च्या ९.५ मध्ये '--अपडेट=नन-फेल' आलं, कडक वागणं हवं असणाऱ्यांसाठी. आणि न्यूजमध्येच लिहून टाकलं की वेगवेगळ्या सिस्टिमवर '-एन' वेगळं वागतं, तेव्हा तो टाळलेला बरा. डेबियनने मधला मार्ग काढला. '-एन'चं जुनं शून्य-परत वागणं कायम ठेवलं आणि सोबत तुम्हाला दिसतो तो इशारा जोडला. म्हणून तुमच्या ९.४ मध्ये '-एन' मूळच्या ९.४ सारखा वागत नाही, आणि नुसता आवृत्तीचा आकडा बघून तुमच्या मशीनबद्दल काहीही ठामपणे सांगता येत नाही. 'माझ्याकडे ९.४ आहे' आणि 'माझ्याकडे डेबियनचं ९.४-३ आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. डॅशनंतरचा आकडा खाऊ नका.

न्यूजमध्ये 'काय' असतं. 'का' हवं असेल तर गिटचा लॉग. माझ्यासारख्या शेतकरी घरातल्या माणसाला हे सातबारा आणि फेरफारावरून पटकन समजतं. 'गिट ब्लेम' म्हणजे सातबारा: आज प्रत्येक ओळ कुणाच्या नावावर आहे, आणि नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर. तो नंबर, म्हणजे कमिट, उघडला की व्यवहार कळतो. पण सातबाऱ्यावर शेवटचा फेरफारच ठळक दिसतो. कुणी नुसता इंडेंटेशन बदलला तरी ब्लेममध्ये त्याचंच नाव येतं. 'ब्लेम -डब्ल्यू' लावा, मोकळ्या जागेचे बदल वगळले जातात. '-मोठा सी' दोनदा लावला तर दुसऱ्या फाईलमधून उचलून आणलेल्या ओळींचं मूळही शोधतं, पण वेळ घेतं. चहा टाकून या.

मी सर्वात जास्त वापरतो ते मात्र 'गिट लॉग -मोठा एस' आणि पुढे एखादा शब्द. त्या शब्दाची संख्या ज्या कमिटमध्ये वाढली किंवा घटली तेवढेच कमिट ते दाखवतं. 'गिट लॉग -मोठा एस नन-फेल --रिव्हर्स' केलंत की पहिल्यांदा तो शब्द कुठे जन्मला ते वर येतं. एखादं फंक्शन कसं घडत गेलं ते हवं असेल तर 'लॉग -मोठा एल', कोलन, फंक्शनचं नाव, कोलन, फाईल. आणि कमिट मिळाला की 'गिट डिस्क्राइब --कंटेन्स' विचारतं की हा कुठल्या आवृत्तीत पोचला. कोअरयुटिल्सच्या कमिट संदेशांत फाईल आणि फंक्शननुसार काय बदललं ते लिहिलेलं असतं, बगचा क्रमांकही असतो. सगळेच प्रकल्प इतके शिस्तीचे नसतात. काही ठिकाणी 'फिक्स' एवढाच शब्द, पुढे काही नाही. तिथे त्या तारखेच्या आसपासची मेलिंग लिस्टची जुनी पत्रं उघडणं हाच उपाय.

इथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. बरीच वर्षं झाली. एका कारखान्याच्या वजनकाट्याच्या संगणकावर 'टॉप' ही चालू प्रोग्रॅम दाखवणारी कमांड देत असलेल्या आकड्यात काहीतरी घोळ होता. हंगाम जोरात, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, आणि मी दोन रात्री प्रोकपीएसचा, म्हणजे टॉप आणि पीएस ज्यात येतात त्या संचाचा, सोर्स वाचत बसलो. जे वाचत होतो त्यात चूक नव्हतीच. तिसऱ्या दिवशी 'पीएस --व्हर्जन' पाहिलं. तिथे नावाच्या शेवटी '-एनजी' होतं. मूळ प्रोकपीएसचं काम ३.२.८ नंतर थंडावलं होतं आणि डिस्ट्रोवाल्यांनी (डेबियन, फेडोरासारख्या लिनक्स वितरकांनी) मिळून 'प्रोकपीएस-एनजी' या नावाने ते पुढे नेलं होतं. मी कोरड्या पडलेल्या पात्रात मासे शोधत होतो. ती दोन अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर कितीदा येऊन गेली असतील कोण जाणे. अशी नाव बदललेली, हात बदललेली कुळं भरपूर आहेत. युटिल-लिनक्सही काही वर्षं '-एनजी' होतं, मग २०११ मध्ये परत साधं झालं. 'लोकेट' तर फाइंडयुटिल्सचं असेल, एमलोकेट असेल किंवा पीलोकेट. कुठलं घर जिवंत आहे हे ठरवायला रेपोलॉजी या संकेतस्थळावर तेच पॅकेज बघा. शंभरेक डिस्ट्रो कुठल्या आवृत्तीवर आहेत आणि कुठल्या पत्त्यावरून घेतात हे तिथे एका पानावर दिसतं. बहुमत ज्या पत्त्यावर, तो पत्ता बहुधा जिवंत.

घरच नाहीसं झालेलं असेल तर? कोड ठेवायची संकेतस्थळंही बंद पडतात: गिटोरियस २०१५ मध्ये गेलं, गूगल कोड २०१६ मध्ये. त्यावरचा पुष्कळसा कोड सॉफ्टवेअर हेरिटेजने जपून ठेवला आहे, पॅरिसजवळच्या इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये खुला केलेला हा संग्रह. डेबियनचं जुनं पॅकेज जसंच्या तसं हवं असेल तर स्नॅपशॉट नावाचं त्यांचं कोठार आहे, तिथे २००५ पासूनचं सगळं तारखेनुसार मिळतं.

टारबॉल आणि गिट यांचा संबंध मी आधी दोन ओळींत उरकत असे. आता थांबून सांगतो. प्रकल्प जी दाबलेली फाईल, म्हणजे टारबॉल, प्रसिद्ध करतो आणि गिटमध्ये जे असतं, ते एकच असतं असं सगळे धरून चालायचे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला आपल्या मशीनवर एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय असं जाणवलं, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो एक्सझेड या फायली दाबणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ मधल्या चोरदरवाजापर्यंत पोचला. तो दरवाजा उघडणारी 'बिल्ड-टू-होस्ट' नावाची एम४ फाईल टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. गिट वाचून कुणाला कधीच कळलं नसतं. तेव्हा 'सोर्स वाचला' म्हणताना कुठला वाचला ते सांगावं. पण उलट बाजूही लक्षात घ्या. दोहोंत फरक दिसला म्हणजे लगेच चोरी असं नाही. कोअरयुटिल्सच्या गिटमध्ये 'कॉन्फिगर' फाईल नाही, ती 'बूटस्ट्रॅप' चालवून तयार करावी लागते, आणि ग्नूलिब नावाचा सामाईक कोड वेगळ्या रेपोतून (गिटच्या साठ्यातून) येतो. टारबॉलमध्ये हे सगळं तयार मिळतं. एखादं फंक्शन 'एसआरसी'मध्ये सापडलं नाही तर ग्नूलिबमध्ये बघा. निम्म्या वेळा तिथे असतं.

आता ऋषीचं कूळ. गिटचा लॉग मागे नेत गेलात की एका ठिकाणी भिंत लागते. कोअरयुटिल्समध्ये ती १९९२ ची आहे. त्यावेळी फाइलयुटिल्स, टेक्स्टयुटिल्स आणि शेलयुटिल्स असे तीन वेगळे संच होते, ते पुढे एकत्र झाले आणि २००३ मध्ये कोअरयुटिल्स ५.० म्हणून आले. भिंतीपलीकडचं जुन्या चेंजलॉग फायलींत आणि 'एलएस --व्हर्जन'च्या शेवटच्या ओळीत शिल्लक आहे. तिथे अजून रिचर्ड स्टॉलमन आणि डेव्हिड मॅकेन्झी ही नावं छापून येतात.

यापलीकडे युनिक्स, या कमांड मुळात जिच्यातल्या ती जुनी सिस्टिम. पण सावध, इथे बरेच जण घसरतात. कमांडची वंशावळ आणि कोडची वंशावळ या दोन गोष्टी आहेत. 'ग्रेप' ही कल्पना युनिक्सच्या निर्मात्यांपैकी केन थॉम्पसनची, १९७३ च्या युनिक्समधली. तुमच्या मशीनवरचा ग्नू ग्रेप मात्र माइक हर्टेलने १९८८ मध्ये स्वतंत्र लिहिला, त्यात थॉम्पसनची ओळ नाही. ती असूच शकत नव्हती, ग्नूचा सगळा खटाटोपच युनिक्सचा कोड न वापरता तेच काम करून दाखवायचा होता. उलट 'ऑक'चं मूळ कुळ आजही जिवंत आहे. आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन यांनी १९७७ मध्ये सुरू केलेला तो कोड मॅकवर आजही चालतो, आणि २०२३ मध्ये त्याला यूटीएफ-८ कळायला लागलं, म्हणजे आपली देवनागरी अक्षरं तो आता बाइट न मोजता अक्षरं म्हणून मोजतो. 'पिंग' माइक म्युसने डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत लिहिलं, नाव पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून.

खरा जुना युनिक्स कोड वाचायचा तर टीयूएचएस, म्हणजे युनिक्स हेरिटेज सोसायटीचा संग्रह. २००२ मध्ये काल्डेरा कंपनीने सातव्या आवृत्तीपर्यंतचा कोड खुल्या लायसन्सखाली दिला, त्यामुळे तो वाचायला आता कुणाची चोरी नाही. आणि डायोमिडिस स्पिनेलिस या ग्रीक प्राध्यापकांनी तर १९७० च्या पीडीपी-७ संगणकावरच्या युनिक्सपासून आजच्या फ्रीबीएसडीपर्यंतचा सगळा इतिहास एका गिट रेपोत ओवला आहे. त्यावर 'गिट ब्लेम' चालतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या ओळीसमोर केन (थॉम्पसन) किंवा डेनिस (रिची) हे नाव उमटलेलं बघण्यात काय मजा आहे ते मी सांगणार नाही, एकदा करून बघा. मॅक वापरत असाल तर तिथल्या कमांड याच बीएसडी कुळातल्या. ॲपल त्यांचा सोर्स 'फाइल_सीएमडीएस', 'टेक्स्ट_सीएमडीएस' अशा नावांनी प्रसिद्ध करतं.

जुन्या बायनरीवर, म्हणजे चालवायच्या तयार फाईलवर, एक युक्ती चालते, फारसं कुणी सांगत नाही. एससीसीएस या गिटच्या कितीतरी आधीच्या बदल-नोंद साधनाच्या काळातले प्रोग्रॅमर सोर्समध्ये '@(#)' अशी खूण टाकून फाईलचं नाव, आवृत्ती आणि तारीख लिहायचे. ती ओळ बायनरीत जशीच्या तशी राहते. 'स्ट्रिंग्ज' चालवून ही खूण ग्रेपने शोधा. सोर्स हरवलेल्या, कुणी कधी टाकला हे आठवत नसलेल्या प्रोग्रॅमचं कूळ मी अशा रीतीने दोनदा काढलं आहे.

आता तुमच्या स्क्रिप्टबद्दल. '-एन'च्या जागी '--अपडेट=नन' घातलंत की इशारा जाईल. पण गोडाऊनमधल्या मशीनवर अजून उबुंटू २२.०४ असेल तर तिथे तीच स्क्रिप्ट फुटेल, कारण तिथल्या ८.३२ मध्ये '--अपडेट'पुढे काहीच लिहिता येत नाही. दोन्हीकडे चालणारं हवं तर 'आरसिंक -ए --इग्नोर-एक्झिस्टिंग' वापरा. आणि मला विचाराल तर इशारा नसता आला तरी मी हा बदल सुचवला असता. कॉपी चालू असताना लाईट गेली तर सीपी अर्धवट फाईल तशीच सोडतो. दुसऱ्या रात्री '-एन' बघतो की त्या नावाची फाईल आहे, आणि पुढे जातो. ती अर्धी पट्टी मग कायमची अर्धीच राहते, लॉगमध्ये एक अक्षरही न येता. आरसिंक आधी तात्पुरत्या नावाने लिहितो आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतो. बदल करण्याआधी एकदा दोन्ही डिस्कवरच्या फायलींची साइझ ताडून बघा. त्यासाठी तीच कमांड, फक्त इग्नोर-एक्झिस्टिंग काढून '--साइझ-ओन्ली' आणि '-एन' लावून. हो, आरसिंकमध्येही '-एन' आहे, आणि तिथे त्याचा अर्थ अगदीच वेगळा: काही करू नको, काय केलं असतंस ते फक्त सांग. यादी दिसायला सोबत '-व्ही'ही लावा.